फळे, भाज्या आणि परतणारा कर्करोग : एका प्रश्नाचा इतिहास

थ्रेड 🧵

१/ कर्करोगाचे उपचार संपवून माणूस घरी येतो आणि पहिल्या आठवड्यातच त्याच्याभोवती सल्ल्यांचा गराडा पडतो. कोणी गव्हांकुराचा रस सुचवतो, कोणी बीट-गाजराचा. कोणी साखर बंद करायला सांगतो, कोणी दूध. रुग्णाच्या मनात मात्र एकच प्रश्न घोळत असतो : हे सारे नेमाने केले, तर तो परत येणार नाही ना?

२/ हा प्रश्न वैद्यकाचा आहे, तसाच तो इतिहासाचाही आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्याभोवती एक मोठी आशा उभी राहिली. नामांकित शास्त्रज्ञांनी तिला बळ दिले, सरकारांनी मोहिमा काढल्या आणि अखेर हजारो स्त्रियांनी स्वतःच्या आयुष्यातील अनेक वर्षे देऊन तिची परीक्षा घेतली. त्या परीक्षेची ही कहाणी.

३/ आरंभी आपल्याच भाषेतील एक शब्द : ‘पथ्य’. औषधाइतकेच महत्त्व पथ्याला देणारी परंपरा आपल्याकडे जुनी आहे. परंतु या शब्दाला एक काटाही आहे. रोग बरा झाला तर श्रेय पथ्याला. उलटला तर दोष रोग्याला. ‘पथ्य मोडले असणार’ हे वाक्य आजारी माणसाच्या उशाशी किती सहज उच्चारले जाते! म्हणूनच या प्रश्नाचे खरे उत्तर शोधणे ही केवळ पंडितांची हौस नव्हती.

४/ फळाने रोग हटतो, हे इतिहासात एकदा खरोखरच दिसून आले होते. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या वैद्याने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या. बाकीचे अन्न सर्वांना सारखे, उपाय मात्र प्रत्येक जोडीला निराळा. ज्यांना संत्री आणि लिंबू मिळाले, ते दोघे काही दिवसांत उठून कामाला लागले.

५/ स्कर्व्हीचे कारण एकच होते : क जीवनसत्त्वाचा अभाव. ती उणीव भरली की रोग संपे. कर्करोगाची गोष्ट वेगळी. तो एका रोगाचे नाव नसून अनेक रोगांच्या कुळाचे नाव आहे आणि त्याच्या मुळाशी पेशींतील जनुकीय बिघाड असतात. तरीही ‘ताटातच उतारा असेल’ ही आशा माणसाने सोडली नाही, आणि लिंबाचा तो विजय पाहता त्यात नवल काही नाही.

६/ या आशेचा एक टोकाचा अवतार म्हणजे मॅक्स गर्सन. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून न्यू यॉर्कला स्थायिक झालेले हे वैद्य कर्करोग्यांना दिवसभर ताज्या फळाभाज्यांचे रस पाजत आणि कठोर आहार पाळायला लावत. १९४६ साली अमेरिकी सेनेटच्या उपसमितीपुढे त्यांनी आपली पद्धत मांडली. १९४७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने त्यांचे १० रुग्ण तपासले. उपचाराचा लाभ झाल्याचे आढळले नाही. तरीही रसाची कीर्ती टिकून राहिली.

७/ आता १९८१ मध्ये येऊ. तंबाखू आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते उघड करणाऱ्या संशोधकांत अग्रणी असलेले रिचर्ड डॉल आणि त्यांचे सहकारी रिचर्ड पेटो यांनी अमेरिकेतील कर्करोगाच्या कारणांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के आहाराशी निगडित असावेत, असा त्यांचा अंदाज होता. मात्र त्याच तक्त्यात त्यांनी अनिश्चिततेची मर्यादाही नोंदवली होती : १० ते ७० टक्के!

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे क्षणभर थांबावे. ‘१० ते ७०’ याचा सरळ अर्थ ‘आम्हाला नीट ठाऊक नाही’ असा होतो. लोकांच्या स्मरणात मात्र ३५ हाच आकडा राहिला. सावध लेखकाने जोडलेली शंका वाटेत गळून पडते आणि आकडा एकटाच पुढे प्रवास करतो. दस्तऐवज वाचताना हे कायम ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

९/ पुढच्या दशकात पुराव्यांचा ओघ सुरू झाला. १९९२ साली ग्लॅडिस ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी फळे-भाज्या व कर्करोग यांवरील १५६ अभ्यास एकत्र मांडले. त्यांपैकी १२८ अभ्यासांत फळे-भाज्या अधिक खाणाऱ्यांत कर्करोग लक्षणीयरीत्या कमी आढळला होता. १९८८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली ‘फाइव्ह अ डे’ ही मोहीम, म्हणजे दिवसाला फळाभाज्यांची पाच मापे, १९९१ पासून सबंध अमेरिकेत राबवली जाऊ लागली होती.

१०/ १९९७ साली जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या मोठ्या अहवालाने या विश्वासावर शिक्कामोर्तब केले. तोंड, अन्ननलिका, जठर, फुप्फुस अशा अवयवांच्या कर्करोगाबाबत फळाभाज्यांच्या संरक्षणाचा पुरावा ‘खात्रीलायक’ आहे, असे त्याने म्हटले. शंकेला जागाच उरली नाही, असे वाटण्याजोगा तो काळ होता.

११/ मग अडचण कोठे होती? यांतील बहुतेक अभ्यासांत रुग्णांना आणि निरोगी माणसांना ‘तुम्ही पूर्वी काय खात होता?’ असे विचारले गेले होते. आजारी माणूस आपल्या भूतकाळात कारण शोधत असतो. त्याची स्मृती तटस्थ नसते. शिवाय भरपूर भाज्या खाणारा माणूस सहसा धूम्रपान कमी करतो, चालतो अधिक, पैशाने बरा असतो आणि डॉक्टरकडे वेळेवर जातो. मग गुण भाजीचा की या साऱ्याचा?

१२/ हा गुंता सोडवण्याचे साधन वैद्यकाला १९४८ साली गवसले होते. ब्रिटनमधील क्षयरोग्यांवर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी घेताना संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी औषध कोणाला द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले नाही. यदृच्छेने ठरलेला गट बंद पाकिटात असे. जणू चिठ्ठीच टाकलेली. चिठ्ठी गरीब-श्रीमंत पाहत नाही, आळशी-उद्योगी पाहत नाही. म्हणून दोन्ही गट सर्व बाबतींत जवळपास सारखे होतात. उरतो तो केवळ उपायाचा फरक.

१३/ आहाराच्या बाबतीत ही चिठ्ठी प्रथम एका गोळीवर टाकली गेली. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटिन हेच संरक्षक द्रव्य असावे, असा तर्क होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला : बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक! अधिक, कमी नव्हे.

१४/ हा योगायोग असावा, असे अनेकांना वाटले. पण अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या व ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्या १८,३१४ जणांवर तशीच चाचणी चालू होती. गोळीत बीटा-कॅरोटिनच्या जोडीला अ जीवनसत्त्व होते. तेथेही फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी अधिक दिसला आणि जानेवारी १९९६ मध्ये ती चाचणी मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. चांगल्या हेतूने दिलेली गोळी अपाय करत होती.

१५/ यावर एक रास्त उत्तर होते : गोळी म्हणजे भाजी नव्हे. पालकात, टोमॅटोत, कोबीत शेकडो द्रव्ये एकत्र नांदतात. त्यांतले एकच वेगळे काढून मोठ्या मात्रेत देणे हा निसर्गाचा न्याय नव्हे. तेव्हा परीक्षा घ्यायची तर सबंध ताटाचीच घ्यायला हवी. पण माणसाचा आहार वर्षानुवर्षे बदलून ठेवणे हे गोळी देण्याइतके सोपे असते काय?

१६/ येथे आपला मूळ प्रश्न पुढे येतो. निरोगी माणसांत कर्करोग होण्याची वाट पाहायची तर दशके लागतात. ज्यांना तो एकदा होऊन गेला आहे, त्यांच्यात तो परतण्याचा धोका अधिक असल्याने उत्तर लवकर मिळते. शिवाय हीच माणसे आहार बदलायला सर्वांत उत्सुक असतात. मात्र प्रश्नही थोडा बदलतो : रोग टाळणे वेगळे आणि उपचारांतून निसटलेल्या मूठभर पेशींना रोखणे वेगळे.

१७/ पहिला इशारा आतड्याकडून आला. मोठ्या आतड्यातील ज्या गाठींपासून पुढे कर्करोग होऊ शकतो, त्या काढून टाकलेल्या सुमारे दोन हजार जणांवर अमेरिकेत एक चाचणी झाली. अर्ध्या जणांना कमी चरबीचा, भरपूर तंतूंचा, फळाभाज्यांचा आहार, बाकीच्यांना नेहमीचा. २००० साली निकाल आला. नव्या गाठी आहार बदललेल्यांत ३९.७ टक्के जणांना झाल्या, न बदललेल्यांत ३९.५ टक्के जणांना.

१८/ खरी निर्णायक परीक्षा तोवर सुरू झालेली होती. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जॉन पियर्स आणि सहकारी यांनी १९९५ पासून पाच वर्षांत ३,०८८ स्त्रियांची नोंदणी केली. ‘विमेन्स हेल्दी ईटिंग अँड लिव्हिंग’ असे या चाचणीचे नाव. या सर्व जणी स्तनाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यांतील उपचार घेतलेल्या. चिठ्ठीने १,५३७ जणी एका गटात गेल्या, १,५५१ दुसऱ्या गटात.

१९/ पहिल्या गटाचे रोजचे लक्ष्य पाहा : भाज्यांची पाच मापे, फळांची तीन मापे, सुमारे पावणेपाचशे मिलिलिटर भाज्यांचा रस, ३० ग्रॅम तंतू आणि एकूण उष्मांकांपैकी केवळ १५ ते २० टक्के चरबीतून. एक माप म्हणजे साधारण अर्धा कप. दुसऱ्या गटाला ‘दिवसाला पाच मापे खा’ हा सर्वसाधारण सल्ला छापील स्वरूपात दिला गेला.

२०/ या स्त्रियांनी पथ्य पाळले काय? होय, आणि तेच विलक्षण आहे. प्रशिक्षित समुपदेशक त्यांना दूरध्वनी करत, स्वयंपाकाचे वर्ग भरत, वार्तापत्रे जात. चार वर्षांनंतरही पहिल्या गटातील स्त्रिया दुसऱ्या गटाच्या तुलनेत भाज्या ६५ टक्क्यांनी, फळे २५ टक्क्यांनी आणि तंतू ३० टक्क्यांनी अधिक खात होत्या. हा नुसता त्यांचा शब्द नव्हता; भाज्यांतील रंगद्रव्ये, म्हणजे कॅरोटिनॉइड, रक्तातही वाढलेली दिसत होती.

२१/ २००५ साली याच चाचणीतून एक आनंदाची वार्ता आली. संशोधकांनी केवळ दुसरा गट, म्हणजे ज्यांचा आहार मुद्दाम बदलला नव्हता तो गट, तपासला. त्यांतील ज्या चतुर्थांश स्त्रियांच्या रक्तात कॅरोटिनॉइड सर्वाधिक होते, त्यांच्यात कर्करोग परतण्याचा वा नव्याने होण्याचा धोका सर्वांत कमी पातळीच्या चतुर्थांशापेक्षा ४३ टक्क्यांनी कमी होता. मग मुद्दाम भाज्या वाढवलेल्या पहिल्या गटात हा लाभ ठळक दिसायला नको काय?

२२/ १८ जुलै २००७. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात निकाल छापून आला. सरासरी ७.३ वर्षांच्या पाठपुराव्यात स्तनाचा कर्करोग परतला वा नव्याने झाला : पहिल्या गटात २५६ जणींना, म्हणजे १६.७ टक्के, दुसऱ्या गटात २६२ जणींना, म्हणजे १६.९ टक्के. मृत्यू : १५५ आणि १६०. फरक जवळपास शून्य.

२३/ या दोन निकालांना शेजारी ठेवून पाहा. चाचणी तीच, मोजमाप तेच. ज्यांच्या रक्तात भाज्यांची खूण *आपोआप* जास्त होती, त्या अधिक सुरक्षित दिसल्या. ज्यांच्या रक्तात ती *मुद्दाम* वाढवली, त्या तशा दिसल्या नाहीत. याचा संभाव्य अर्थ असा, की ती खूण संरक्षण करत नव्हती. संरक्षण करणाऱ्या आणखी कशाची तरी ती सोबतीण होती. सोबत म्हणजे कारण नव्हे.

२४/ आता आक्षेपही प्रामाणिकपणे पाहू. पहिला : या स्त्रिया चाचणीत येण्यापूर्वीच सरासरीने पाचाहून अधिक मापे खात होत्या. म्हणजे चाचणीने ‘भाजी खावी की न खावी’ हे तपासलेच नाही; ‘पुरेशी खाणाऱ्याने आणखी पुष्कळ खाल्ली तर काय’ हे तपासले. दुसरा : आहार बदलूनही वजन घटले नाही. दोन्ही आक्षेप वजनदार आहेत.

२५/ दुसऱ्या आक्षेपाला आधार देणारी एक चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली होती. रजोनिवृत्तीनंतर स्तनाचा कर्करोग झालेल्या वा त्या वयाच्या आसपासच्या २,४३७ स्त्रियांपैकी काहींच्या आहारातील चरबी बरीच कमी करण्यात आली. त्यांच्यात ९.८ टक्के जणींचा रोग परतला, तर इतरांत १२.४ टक्के जणींचा. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक काठावरचा होता. शिवाय या स्त्रियांचे वजनही सुमारे पावणेतीन किलोंनी कमी राहिले होते. गुण चरबी घटल्याचा की वजन घटल्याचा, हे वेगळे काढता आले नाही.

२६/ पुरुषांची पाळी २०२० साली आली. प्रोस्टेटचा प्रारंभिक कर्करोग असलेले, शस्त्रक्रिया न करता केवळ देखरेखीखाली असलेले ४७८ पुरुष. अर्ध्यांना दिवसाला भाज्यांची किमान सात मापे खाण्यासाठी दूरध्वनीवरून मार्गदर्शन. हा परतणारा कर्करोग नव्हता, असलेला वाढतो काय हे पाहायचे होते. दोन वर्षांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. सॅन दिएगोचीच पुनरावृत्ती.

२७/ दरम्यान मूळ विश्वासाचाही फेरविचार झाला होता. ज्या निधीने १९९७ साली ‘खात्रीलायक’ हा शब्द वापरला, त्यानेच २००७ च्या दुसऱ्या अहवालात फळाभाज्यांबाबतचा पुरावा ‘संभाव्य’ या पायरीवर उतरवला. तोवर लोकांना आधी आहार विचारून पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारे मोठे अभ्यास हाती आले होते आणि त्यांत दिसणारे नाते पूर्वीपेक्षा फिके होते. आपलेच वाक्य खोडायला धैर्य लागते.

२८/ मग आज काय म्हणता येते? जो माणूस आधीच बऱ्यापैकी भाज्या खातो, त्याने त्यांचा डोंगर रचल्याने वा रसाचे पेले रिचवल्याने कर्करोग परतणे थांबते, याला आधार नाही. एकेका द्रव्याच्या गोळ्या तर अपायकारकही ठरू शकतात. परंतु फळे-भाज्या हृदयासाठी, रक्तदाबासाठी, पोटासाठी हितकर आहेतच. आणि कर्करोगातून वाचलेल्या माणसाला हृदयही असते! भाजी अन्न म्हणून खावी, ताईत म्हणून नव्हे.

२९/ आणि शोध थांबलेला नाही. २०२५ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. केमोथेरपीनंतर तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी ८०.३ टक्के जण पाच वर्षांनी रोगमुक्त होते. केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ७३.९ टक्के. म्हणजे जीवनशैलीचा विचारच व्यर्थ, असे मुळीच नाही. चिठ्ठीच्या कसोटीवर काही कल्पना टिकतात, काही टिकत नाहीत. आधी मात्र ते कळत नाही.

३०/ आता त्या ‘पथ्य’ शब्दाकडे परत. सॅन दिएगोच्या पहिल्या गटातील ज्या २५६ जणींना कर्करोगाने पुन्हा गाठले, त्यांच्याभोवती वर्षानुवर्षे समुपदेशन होते, स्वयंपाकाचे वर्ग होते, ताट बदललेले होते. रोगाने तरीही त्यांना सोडले नाही. पथ्य मोडल्याचा आरोप त्यांच्यावर कोण करील? आणि त्यांच्यावर करता येत नसेल, तर आपल्या घरातील, शेजारातील कोणावर तरी तो कोणत्या आधाराने करावा?

३१/ अयशस्वी प्रयोगांना इतिहासात फारशी जागा मिळत नाही. लिंडचे लिंबू पाठ्यपुस्तकात येते. ३,०८८ स्त्रियांचे ते ताट येत नाही. पण त्यांनी मागे ठेवलेली देणगी लहान नाही : ‘मी आणखी एक पेला रस प्यायले असते तर?’ या प्रश्नाच्या ओझ्यातून त्यांनी पुढच्या रुग्णांना मोकळे केले.

३२/ तेव्हा उपचार संपवून घरी आलेल्या माणसाला भेटायला जाल तेव्हा फळे अवश्य न्या. सल्ला मात्र दाराबाहेर ठेवा. आहाराचे त्याच्या डॉक्टरांना ठरवू द्या. आणि कोणी ‘अमुक खाणाऱ्यांना तमुक रोग होत नाही’ असे सांगू लागला, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने नम्रपणे एवढेच विचारावे : चिठ्ठी टाकली होती काय?

धागा समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि पुढील विषयांच्या सूचना खाली जरूर लिहा.